वीज नसताना तिसरी-चौथीला संगणकशास्त्र कसे शिकवावे?

प्रश्न: यवतमाळ जिल्ह्यातील द्विशिक्षकी शाळेत मी तिसरी-चौथी सांभाळते. शाळेत एकच संगणक असून भारनियमनामुळे तोही बहुधा बंदच असतो. ‘हा माऊस, हा कीबोर्ड’ एवढ्यावर न थांबता संगणक काम कसे करतो, हे मुलांना कळावे अशी माझी मनापासून इच्छा आहे. सुरुवात कोठून करावी?

उत्तर १: मॅडम, यासाठी संगणक लागतच नाही. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातून पुढे आलेला ‘सीएस अनप्लग्ड’ (म्हणजे संगणकाविना संगणकशास्त्र) हा उपक्रम याच विचारावर उभा आहे. पुठ्ठ्याच्या पाच तुकड्यांवर अनुक्रमे १६, ८, ४, २ आणि १ असे तुरीचे दाणे चिकटवावेत, पाच मुलांना ते हातात देऊन रांगेत उभे करावे आणि दाणे दिसले तर १, पुठ्ठा पालथा असेल तर ० असे मानावे. १३ हवे असल्यास ८, ४ आणि १ उघडे राहतात, म्हणजे संगणकाच्या ०-१ च्या भाषेत ०११०१. पाच पुठ्ठ्यांत ३१ पर्यंतचे सर्व आकडे बसत असल्याने प्रत्येक मुलाला आपल्या जन्मतारखेचा दिवस मांडता येतो, आणि माझ्या मते मुले खरी रमतात ती इथेच.

उत्तर २: सरांशी सहमत आहे, मात्र तिसरीसाठी मी आधी सूचनांचा खेळ घेईन. वर्गापासून हातपंपापर्यंतचा रस्ता ‘चार पावले पुढे, उजवीकडे वळा’ असा एकाने लिहावा आणि दुसऱ्याने तो संगणकासारखा शब्दशः पाळावा. चूक नेमकी कोणत्या ओळीत आहे, हे मुलांनीच शोधावे.

उत्तर ३: वीज असेल तेव्हा ‘स्क्रॅच’ हे सूचनांचे ठोकळे जोडून प्रोग्राम बनवायचे मुलांसाठीचे सॉफ्टवेअर वापरावे, ते इंटरनेटशिवायही चालते.