गुलमर्गला स्की शिकायला जातोय, मुलांच्या सुरक्षिततेसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही सोलापूरचे. जानेवारीअखेर चौघं गुलमर्गला निघालोय. लेक १९ वर्षांची, तिला स्की शिकायचंय. मुलगा १४ चा, त्याला स्नोबोर्डच हवाय.

गेल्या वर्षी दुसऱ्या एका ठिकाणी तासाभराची हौस केली आणि मुलाचं मनगट मुरगळलं. भाड्याचा बूट मोठा होता. "दोन मोजे घाला, बसेल," म्हणाले. चालताना त्याची टाच बुटात वर उचलली जात होती, मला दिसत होतं, तरी मी गप्प बसलो. ते अजून मनातून जात नाही. यंदा बूट आणि बाइंडिंग (बूट स्कीला धरून ठेवणारी पकड) घेताना नेमकं काय बघू?

दुसरी काळजी लेकीची. तिला गंडोलाच्या (तिथला रोपवे) दुसऱ्या टप्प्याने वर जाऊन अफरवट डोंगरावरून उतरायचंय. तिथे फेब्रुवारी २०२३ मध्ये हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर गेले, हे वाचल्यापासून झोप नाही. आणि आई म्हणते, दोन सोलापुरी चादरी न्याच. जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद:

दादा, मी जुळे सोलापूरचा, गुलमर्गला दोन हिवाळे शिकलोय.

मोजा एकच, लोकरी. बूट आवळून गुडघे पुढे झुकवायला सांगा. टाच उचलली की बूट परत. स्कीच्या बाइंडिंगचा आकडा वजन, उंची, वय, अनुभव आणि बुटाच्या तळव्याची लांबी बघून लावतात. काहीच न विचारता स्की हातात दिली तर तिथेच थांबवा, कारण आकडा जास्त असला तर पडल्यावर स्की सुटत नाही आणि गुडघा पिळतो. स्नोबोर्ड तर पडल्यावर सुटतच नाही. दोन्ही पाय एकाच फळीवर अडकलेले, म्हणून नवशिका हात टेकतो आणि मनगट जातं. मुलाला मनगटाचे गार्ड घ्याच. मूठ वळून, हात छातीजवळ ठेवून पडायचा सराव आधी घरी गादीवर करून घ्या. हेल्मेट स्कीचंच हवं, क्रिकेटचं नको.

लेकीला या खेपेला अफरवट नको, स्पष्ट सांगा. तिथला बराचसा उतार मोकळा डोंगर आहे, जाणत्यांनीसुद्धा हिमस्खलनाचा त्या दिवसाचा इशारा बघून, वाटाड्या घेऊनच उतरायचा. शिवाय सोलापूर जेमतेम साडेचारशे मीटरवर, गुलमर्ग सुमारे २,६५० आणि गंडोलाचं वरचं स्टेशन ३,९०० च्याही वर. पहिले दोन दिवस खालच्या सौम्य उतारावरच काढा. डोकं दुखून मळमळायला लागलं तर वर जायचं नाही, वर असाल तर खाली उतरायचं.

उतारावर पुढच्याला सांभाळायची जबाबदारी मागून येणाऱ्याची. थांबायचं तर कडेला. हे दोघांकडून पाठ करून घ्या. गॉगल ढग असले तरी घालायचा. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण उलटे फेकतो.

चादरी खुशाल न्या, पण हॉटेलात पांघरायला. सुती कापड भिजलं की अंगावर वाळत नाही आणि गारठा धरतो, म्हणून उतारावर जीन्स आणि सुती बनियनही नको.

मुलाचं मनगट तेव्हा एक्स-रे काढून बघितलं होतं का? अजून जोर दिल्यावर दुखत असेल तर निघण्याआधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, आणि तोवर स्नोबोर्डचं बुकिंग करू नका.