मदत हवी आहे: कंपनीचे शेअर देऊन ओळखीच्यांकडून भांडवल उभारता येतं का?

नमस्कार मंडळी, सोलापूरला आम्ही पाचजणी मिळून ज्वारीच्या कडक भाकरीचा धंदा करतो, प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे, पुण्या-मुंबईहून ऑर्डर येतात पण भाकरी थापायचं मशीन आणि पॅकिंगला भांडवल कमी पडतंय. बँकेत गेलं की पहिला प्रश्न तारण काय, आणि घर-जमीन आमच्यापैकी एकीच्याही नावावर नाही!!

आमची रोजची गिऱ्हाईकं म्हणतात थोडे थोडे पैसे आम्ही टाकतो, शेअर द्या. पण सीएच्या ऑफिसात कळलं की भारतात ऑनलाइन इक्विटी क्राउडफंडिंगला (म्हणजे वेबसाइटवरून शेअर देऊन खूप जणांकडून थोडे थोडे पैसे गोळा करायला) परवानगीच नाही, शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने 2014 ला नुसता चर्चेचा मसुदा काढला आणि 2016 मध्ये उलट अशा प्लॅटफॉर्मपासून सावध राहा म्हणून सांगितलं. प्रायव्हेट प्लेसमेंट, म्हणजे ठरावीक निवडक लोकांनाच थेट शेअर देणं, चालते, वर्षाला 200 जणांपर्यंत, पण जाहिरात नाही करायची, म्हणजे व्हॉट्सअॅप स्टेटसला टाकलं तरी पंचाईत. मग ज्यांचे नातेवाईक पैसेवाले नाहीत त्यांनी कुणाकडे बघायचं?

कुणी छोट्या रकमेचं प्रायव्हेट प्लेसमेंट केलंय का, खर्च किती आला? आमच्यातल्या तिघी एससी आहेत, तर आयएफसीआय या सरकारी वित्तसंस्थेकडच्या एससी व्हेंचर फंडाचा (एससी उद्योजकांच्या कंपन्यांना भांडवल देणारा फंड) कुणाला अनुभव असेल तर प्लीज सविस्तर सांगा.