मदत हवी आहे: डाएटेटिक टेक्निशियनकडून ट्रे-लाइनच्या प्रमुखपदाकडे

नमस्कार मंडळी. अमेरिकेतल्या रुग्णालयांत नोंदणीकृत डाएटेटिक टेक्निशियन (आहारतज्ज्ञांचे सहायक) म्हणून काम करणाऱ्यांचा सल्ला हवा आहे. ट्रे-लाइनची, म्हणजे रुग्णांच्या जेवणाचे ट्रे भरून पाठवणाऱ्या रांगेची, जबाबदारी माझ्याकडे येते आहे आणि बरेचसे सहकारी वयाने, अनुभवाने मोठे आहेत.

सगळ्यात जास्त काळजी घट्ट केलेल्या पेयांची वाटते. पावडर मोजून घातली तरी ज्यूस, दूध, कॉफी सारखीच घट्ट होत नाहीत. शिवाय स्टार्चची पावडर असेल तर पेय ठेवल्या ठेवल्या आणखी दाटतं. म्हणजे बनवताना घट्टपणाची लेव्हल २ असलेला पेला गिळण्याचा त्रास असलेल्या रुग्णापुढे लेव्हल ३ होऊन जाऊ शकतो. म्हणून आयडीडीएसआयची (या लेव्हल ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेची) सिरिंज चाचणी रोजच्या कामात बसवायची आहे: १० मिली पेय भरायचं, १० सेकंद वाहू द्यायचं, ४ ते ८ मिली उरलं तर लेव्हल २. सिरिंजवर ० ते १० मिलीचं अंतर ६१.५ मिमी हवं, नाहीतर निकाल फसवा येतो. पेय ज्या तापमानाला देणार, त्याच तापमानाला तपासायचं.

चाचणी ट्रे निघतानाच घ्यावी असं मला वाटतं, पण सकाळच्या घाईत ती टाळली जाऊ नये म्हणून तुम्ही कोणाला नेमता? ज्येष्ठ सहकाऱ्याची चूक चारचौघांत न दाखवता कशी नोंदवता?

आणखी एक. नोंदणी टिकवायला पाच वर्षांत ५० सीपीई (सतत व्यावसायिक शिक्षणाची) युनिट्स करायचीच आहेत. त्यांत माणसं सांभाळण्याचे कोणते कोर्स खरोखर उपयोगी पडले? २०२४ पासून आरडीच्या (नोंदणीकृत आहारतज्ज्ञाच्या) परीक्षेला बसायला मास्टर्स लागते. तो खर्च करण्याआधी फूड-सर्व्हिस मॅनेजर झालेल्यांचं मत ऐकायचं आहे.