मुलीला हवामानविषयक संस्थेत नोकरी मिळत आहे. तिथली माणसे दिवसभर नेमके काय करतात?

प्रश्न: निवृत्त शिक्षक, विश्रामबाग

नमस्कार. मी सांगलीत राहतो आणि एका माध्यमिक शाळेतून भूगोलाचा शिक्षक म्हणून निवृत्त झालो आहे. माझी मुलगी पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. झाली असून गेली तीन वर्षे एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करीत आहे. आता तिला हवामान बदलावर काम करणाऱ्या एका स्वयंसेवी संस्थेने ‘समन्वयक’ म्हणून बोलावले आहे. संस्थेचे नाव मुद्दाम लिहीत नाही.

पत्रात कामाचे स्वरूप म्हणून ‘जनवकिली’ असा शब्द आहे. ही संस्था झाडे लावत नाही, बंधारे बांधत नाही, पुरात धान्य वाटत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गावभागातून आमच्या नातेवाइकांना ज्यांनी होडीतून बाहेर काढले, त्यांचे काम मला समजते. परंतु पूर नसताना, कार्यालयात बसून, शासनाला पत्रे लिहिणारी माणसे दिवसाचे आठ तास काय करतात आणि त्यातून कोणाचे काय भले होते, हे मला खरोखर कळत नाही. मी तीस वर्षे मुलांना मोसमी पाऊस शिकवला, शाळेच्या आवारातला पर्जन्यमापक रोज सकाळी स्वतः मोजला. तरी हे कळत नाही. पगार सध्यापेक्षा चार हजारांनी कमी आहे आणि करार अकरा महिन्यांचा आहे. अशा संस्थेत काम केलेल्यांनी किंवा ज्यांच्या गावात अशी माणसे येतात त्यांनी स्पष्ट लिहावे, ही विनंती. मुलीला मी हे विचारतो आहे याची कल्पना नाही.

उत्तर १: कृष्णाकाठची

काका, मी अशाच एका संस्थेत सात वर्षे होते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

सांगलीचा माणूस पूर कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या फुटांत मोजतो, हे तुम्हाला सांगायला नको. ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी, हे इथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. २०१९ मध्ये ते पाणी ५७ फुटांच्या वर गेले. परंतु पुलावरचा आकडा आणि आपल्या उंबऱ्यावरचे पाणी यांचे नाते सूर्यवंशी प्लॉटमध्ये वेगळे, दत्तनगरमध्ये वेगळे आणि कर्नाळ रस्त्यावर आणखी वेगळे. ते कोणाच्याही कागदावर नव्हते. होते ते त्या त्या गल्लीतल्या जुन्या बायकांच्या तोंडी. आमच्या संस्थेतील चार जणांनी दोन उन्हाळे घरोघर फिरून भिंतीवरच्या पाण्याच्या खुणा मोजल्या, ‘पुलाला किती झाले की तुमच्या जिन्याच्या पहिल्या पायरीला पाणी लागते’ असे विचारत गेलो आणि गल्लीनिहाय तक्ता केला. तक्ता करणे हे काम सोपे होते. तो तक्ता आपत्ती व्यवस्थापनाच्या खोलीतल्या भिंतीवर लागावा आणि भोंगा त्याप्रमाणे फिरावा, यासाठी पुढची दोन वर्षे गेली. अधिकारी बदलला की पुन्हा पहिल्यापासून सांगायचे. त्या दोन वर्षांना पत्रात जनवकिली म्हणतात.

दुसरे काम पूररेषांचे. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा नकाशावर असते, पण प्लॉट विकत घेणाऱ्याला ती कोणी दाखवत नाही. आमच्याकडे एक विधी पदवीधर मुलगा होता. तो माहितीच्या अधिकारात अर्ज करायचा, तीस दिवस मोजायचा, उत्तर आले नाही की पहिले अपील करायचा. त्याच्या टेबलाकडे पाहून कोणालाही वाटले असते की हा माणूस तहसील कचेरीतला कारकून आहे. २०१९ च्या पुराचा अभ्यास करणाऱ्या वडनेरे समितीचा अहवाल २०२० मध्ये आला तेव्हा त्यातल्या शिफारशींचा साध्या मराठीत तक्ता करून तो ग्रामपंचायतींना देणे आणि पुढच्या ग्रामसभेत त्यावर ठराव होईल असे पाहणे, हे काम आम्ही तिघींनी केले. पुष्कळ गावांत ठराव झालाच नाही, कारण ग्रामसभेला गणपूर्ती नव्हती.

आमच्या कार्यालयातला सर्वांत उपयोगी माणूस आमचा चालक होता, हेही लिहून ठेवते. पलूस आणि वाळवा तालुक्यांतला प्रत्येक सरपंच, ग्रामसेवक आणि तलाठी त्याला नावाने ओळखत असे. २०१९ च्या पुरात ब्रह्मनाळ गावची होडी उलटली त्या आठवड्यात लोक आम्हाला दारात उभे करायला तयार नव्हते. ‘आता कशाला आलात’ हा प्रश्न रास्तच होता. त्याच्या ओळखीवर आम्ही ओसरीत बसू शकलो.

पगार एकदा तीन महिने झाला नाही. मी सोडले ते मात्र त्यामुळे नाही. दर वर्षी जूनपासून ऑक्टोबरपर्यंत झोपताना फोन उशाशी आणि कान पावसाकडे, हे मला सातव्या वर्षी झेपेनासे झाले. मुलीला हे आधी सांगा. पत्रात लिहिलेले नसते.

उत्तर २: बागाईतदार, तासगाव तालुका

मी दुसऱ्या बाजूचा, म्हणजे ज्याच्या बांधावर ही माणसे येतात त्यांपैकी आहे, आणि माझा अनुभव वरच्या ताईंइतका गोड नाही.

गेल्या काही वर्षांत माझ्या द्राक्षबागेत चार वेगवेगळ्या संस्थांचे लोक प्रश्नावली घेऊन आले. चारही वेळा तेच प्रश्न: पाऊस बदलला का, थंडी कमी झाली का, उत्पन्न किती घटले. मी चारही वेळा सांगितले की आमचे दुखणे अवकाळीचे आहे. ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, घेतली आणि बाग फुलोऱ्यात असताना चार दिवस ढग राहून पाऊस झाला की दावण्या हा बुरशीचा रोग येतो आणि घड कुजतात. मण्यात साखर भरल्यावर पाऊस आला की मणी तडकतात. बेदाण्याला टाकलेला माल शेडवर असताना आला की रंग जातो आणि भावही जातो. त्यांनी ते टिपून घेतले, फोटो काढले आणि गेले. चौघांपैकी एकही परत आला नाही. एकाचा अहवाल पुढे माझ्या पुतण्याने मोबाईलवर दाखवला. तो सगळा इंग्रजीत होता.

खरा प्रश्न कुठे अडतो तेही सांगतो. हवामानावर आधारित फळपीक विम्याची भरपाई महसूल मंडळातल्या स्वयंचलित केंद्राच्या नोंदीवर ठरते. केंद्र माझ्या बागेपासून बऱ्याच अंतरावर आहे. अवकाळी पाऊस हा बैलाच्या एका शिंगावर पडतो आणि दुसऱ्यावर पडत नाही, अशा जातीचा. माझ्या बागेत पाणी साचते आणि केंद्रात नोंद शून्य. त्या दिवशी मी कोणाकडे जायचे? आमच्या भागातल्या काही शेतकऱ्यांनी स्वखर्चाने पर्जन्यमापक बसवून वह्या ठेवल्या आहेत. एका संस्थेच्या मुलीने त्या वह्या एकत्र करून, मंडळाच्या नोंदीशी ताडून कृषी कार्यालयाला निवेदन दिले. निर्णय अजून झालेला नाही. तरी एवढे खरे की ती मुलगी तीन वेळा आली आणि प्रत्येक वेळी मागच्या वेळचा कागद सोबत घेऊन आली.

तुमच्या मुलीला मुलाखतीत एवढेच विचारायला सांगा: तुमचा मागचा अहवाल ज्या गावाबद्दल होता, त्या गावात तो मराठीत वाचून दाखवला का?

उत्तर ३: लेखापाल, सातारा

माझा व्यवसाय सार्वजनिक न्यासांचे हिशेब तपासण्याचा असल्याने मी फक्त पैशाच्या बाजूने लिहितो. अकरा महिन्यांच्या करारामागे बहुतेक वेळा संस्थेची लबाडी नसते. देणगीदाराचा प्रकल्प वर्षाचा असतो, त्यामुळे माणसाचा करार वर्षाहून लांब करण्याची संस्थेची ऐपत नसते.

जनवकिलीला पैसा मिळणे हेच मुळात अवघड आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते आणि त्यात पर्यावरणही येते, परंतु कंपनीला मोजून दाखवता येईल असे काही हवे असते. इतकी रोपे लावली, इतके दिवे वाटले, असे सांगता येते. ‘इतक्या वेळा जिल्हाधिकारी कार्यालयात गेलो’ या नोंदीला फलकावर जागा नसते. परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थांवर, त्या देणगीच्या कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीनंतर, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आणि अशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळती करण्यास पूर्ण बंदी झाली. तालुक्याच्या ठिकाणच्या ज्या लहान संस्था पुण्यामुंबईच्या मोठ्या संस्थांकडून असा निधी घेऊन काम करीत, त्यांच्यापैकी अनेकांचे पाणी तिथेच तुटले. भाडे, वीज आणि माझ्यासारख्या हिशेबनिसाचा पगार प्रशासनात मोजला जातो, म्हणून अशा संस्थांत एकाच माणसाकडे हिशेब, भांडार आणि समाजमाध्यमे अशी तिन्ही कामे दिलेली मी पाहिली आहेत.

तेव्हा मुलीने संकोच न करता मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल मागावेत. न्यासाला ते धर्मादाय कार्यालयात दाखल करावेच लागतात, त्यामुळे त्यात गुप्त असे काही नाही. पगार कोणत्या प्रकल्पाच्या शीर्षाखाली जाणार, तो प्रकल्प कधी संपणार आणि नवीन निधी न आल्यास किती महिने पगार देता येईल इतकी शिल्लक आहे, हे विचारावे. कर्मचारी वीसपेक्षा कमी असतील तर भविष्य निर्वाह निधी सहसा लागू नसतो, हेही लक्षात असू द्यावे. या प्रश्नांवर जी संस्था रागावते, तिथे जाऊ नये.

उत्तर ४: पाटण

लेखापालांचा सल्ला योग्य आहे, पण तो काटेकोर पाळला तर आमच्याकडे कोणीच येणार नाही. जुलै २०२१ मध्ये आंबेघर आणि मिरगावला दरडी कोसळल्या. पहिल्या आठवड्यात रस्त्यावर गाड्यांची रांग होती. दोन पावसाळ्यांनंतर आमच्या वस्तीवर, पुनर्वसनाच्या यादीत कोणाचे नाव राहिले आणि सातबाऱ्यावर नाव नसलेल्या विधवेने कोणता कागद जोडायचा, हे बघायला येणारी एकच बाई होती, आणि तिचा करार तुमच्या मुलीसारखाच अकरा महिन्यांचा होता. ती आता नसते. तिच्या जागी कोणी आलेले नाही.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. अखेर मी हा धागा मुलीला वाचायला दिला. आधी ती न विचारता लिहिल्याबद्दल रागावली आणि मग तिने वहीत प्रश्न उतरवून घेतले.

काल ती संस्थेत जाऊन आली. लेखापरीक्षण अहवाल त्यांनी लगेच दाखवले. नवीन निधी आला नाही तर पाच महिने पगार निघेल इतकी शिल्लक आहे, हेही लपवले नाही. तासगावच्या बागाईतदारांच्या प्रश्नावर मात्र ते गप्प झाले. मागच्या दोन्ही अहवालांचा मराठी अनुवाद झालेला नाही. तो प्रथम करायचा आणि गावात जाऊन वाचायचा, हे तिच्या कामात लिहून द्यावे असे तिने सांगितले आहे आणि त्यांनी ते मान्य केले आहे. तिच्या आईला चार हजारांचे अजून पटलेले नाही. तो वाद घरात चालू आहे आणि चालू राहील.

कृष्णाकाठच्या ताईंनी लिहिलेले उशाशी फोन ठेवण्याचे मी तिला दोनदा वाचून दाखवले. ती म्हणाली, २०१९ नंतर आपल्या घरात तसेही सगळे तसेच झोपतात.

आणखी एक गोष्ट. शेतकऱ्यांच्या पर्जन्यवह्यांचे वाचल्यावर मी माळ्यावरून शाळेच्या नोंदींच्या माझ्या वह्या काढल्या. शाळेने त्या रद्दीत घालायला काढल्या होत्या, तेव्हा मी घरी आणल्या होत्या. २००५ ची वही पाण्याने चिकटली आहे, पाने सुटत नाहीत. बाकीच्या वाचता येतात. मुलगी म्हणते की रोज सकाळी साडेआठची मिलिमीटरमधली नोंद असेल तर ती मंडळाच्या नोंदीशेजारी ठेवता येईल. माझ्या नोंदी सुट्टीच्या दिवशी नाहीत, कारण शाळा बंद असे. बागाईतदारांना विचारायचे आहे: आपल्याकडच्या वह्यांत वेळ लिहिलेली आहे का, आणि सलग दोन दिवसांचा पाऊस एकदम मोजला असेल तर तो आपण कसा नोंदवता?