फोटोशॉपमध्ये जोडाक्षरं फुटतायत, सोमवारी सबमिशन आहे

तिसरं_वर्ष:
नमस्कार. मी पुण्यात डिझाइन शिकते. प्रोजेक्ट कसबा पेठेतल्या तांबट आळीवर आहे. ए-थ्रीचे चार पॅनेल, मजकूर सगळा मराठीत. तीन रविवार तिथे जाऊन बसले. एक काका तांब्याच्या घंगाळावर मठारकाम करत होते. हातोडीचा प्रत्येक ठोका आधीच्याला खेटून पडतो, मध्ये कोरी जागा राहत नाही. मला पानावर तशीच शिस्त हवी आहे. कागदावर पेन्सिलने मांडणी जमली, पण फोटोशॉपमध्ये अडकलेय. 'शिल्प' लिहिलं की वेलांटी श च्या उजवीकडे जाते, 'तांब्याचा' मध्ये ब चा पाय मोडतो आणि य सुटा पडतो. मैत्रीण म्हणते, इंग्रजीत कर. पण ज्यांच्या कामाबद्दल लिहिलंय त्यांना ते वाचता यायला हवं. फॉन्ट बदलून पाहिले, काही फरक नाही.

जुना_जुळारी:
बाळ, फॉन्टचा दोष नाही. तुझं फोटोशॉप जुनं दिसतंय, नव्या आवृत्त्यांत ही निवड करावी लागत नाही. प्रेफरन्सेसमध्ये टाइप या विभागात जा, टेक्स्ट इंजिनसाठी (अक्षरं जुळवणारा भाग) 'वर्ल्ड-रेडी लेआउट' निवड. त्याहून जुन्या आवृत्तीत त्यालाच 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन' म्हणतात. मग फोटोशॉप बंद करून पुन्हा सुरू कर आणि मजकूर नव्या फाइलमध्ये टाक. फॉन्ट मात्र युनिकोडच (सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षर-पद्धत) हवा, मुक्ता नावाचा घे, फुकट आहे.
आणखी एक. इंग्रजीच्या सवयीने ओळी जवळ आणू नकोस. आपल्याकडे वर रफार-मात्रा, खाली उकार. बारा पॉइंटच्या अक्षराला ओळीचं अंतर अठरा तरी ठेव. छापखान्यात शिशाचे खिळे, म्हणजे सुटी अक्षरं, जुळवायचो तेव्हा ओळींमध्ये पट्ट्या घालायचो, त्या उगाच नाही.

पेठेतला_प्रिंटवाला:
जुळारी काकांचं बरोबर. माझं सांगणं फोटोंबद्दल. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ए-थ्री म्हणजे ३५०८ बाय ४९६१ पिक्सेल. वॉट्सअ‍ॅपवरून आलेला १६०० पिक्सेल रुंदीचा फोटो तिथे जेमतेम साडेतेरा सेंटिमीटर भरतो. ताणला की तुझे ते ठोके पुसट होतील, आणि सगळा विषयच त्यांचा आहे. मूळ फाइल मागव. चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जादा कड, सोड. मी तर फोटो फोटोशॉपमध्ये साफ करून मांडणी स्क्रायबस १.६ या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये करतो, तिथे देवनागरी नीट जुळते. प्रिंटला देताना पीडीएफ दे, जेपेग केलंस तर बारीक अक्षरांच्या कडा विरघळतात.

तिसरं_वर्ष:
जुळारी काका, जोडाक्षरं जुळली! 'तांब्याचा' नीट दिसल्यावर खरंच डोळ्यांत पाणी आलं. ओळी अठरावर ठेवल्या, मजकूर मोकळा वाटतो. फोटो पेन ड्राइव्हवर मूळ आकारात आणले.
काल पहिल्या पॅनेलचा प्रिंट घेऊन आळीत गेले. घंगाळवाल्या काकांनी हात पुसले, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचलं. मग फोटोवर बोट ठेवून म्हणाले, "हातोडी डाव्या हातात कशी? मी उजव्याने मारतो." मजकूर डावीकडे हवा म्हणून मी फोटो आडवा उलटवला होता. माझ्या लक्षातही आलं नव्हतं, त्यांच्या एका नजरेत आलं. आज फोटो सरळ केला, मजकुराचा रकाना उजवीकडे नेला. उरलेले तीन पॅनेल आता त्याच मापात बसवतेय.