इंग्रजीच्या तासाला मराठी बोलायचंच नाही?

खडूफळा: 'इंग्रजीच्या तासाला एकही मराठी शब्द नको, बोलेल त्याला पाच रुपये दंड, महिन्याभरात मुलं फाडफाड बोलतात' अशी पोस्ट शिक्षकांच्या गटांत फिरतेय. वाचून संताप आला, म्हणून सविस्तर लिहितोय. दंड लावला की मुलं इंग्रजी बोलत नाहीत, गप्प बसतात. मराठी माध्यमात पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं, तरी आठवीत 'डिड यू वेन्ट?' ऐकू येतंच. कारण 'तू काल गेलास का?' या प्रश्नात क्रियापद तसंच राहतं, शेवटी नुसता 'का' लागतो. भूतकाळ 'डिड'ने उचलला, आता 'गो' मूळ रूपात, एवढं मराठीत दोन मिनिटांत सांगून होतं. तेच इंग्रजीतून सांगायला गेलं की पाव तास जातो आणि मागच्या बाकांवर काहीच पोचत नाही.

मधली_सुट्टी: दंड चुकीचाच. पण तुमची दोन मिनिटं दोनच राहत नाहीत! वाक्य वाचायचं, लगेच अर्थ सांगायचा, असा अख्खा तास जातो. मग मुलं इंग्रजी ऐकणंच सोडतात, मराठी येणारच आहे हे त्यांना ठाऊक असतं. निदान सूचना तरी इंग्रजीत द्या, हातवारे करून, रोज त्याच शब्दांत. आणि 'अंडरस्टूड?' विचारू नका, सगळा वर्ग 'येस टीचर' म्हणतो. 'हाऊ मेनी सेंटेन्सेस? टू ऑर फाइव्ह?' असं विचारा. कोणाला कळलं नाही ते तिथेच दिसतं.

पाटीपेन्सिल: आरटीईत, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात, सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक लिहिलाय. वर्गात ६० बसलेली असताना 'जोड्या लावा, गट पाडा' सांगणाऱ्यांनी बाक कसे हलवायचे तेही सांगावं.

कानसेन: उच्चारांवर कोणीच बोलत नाही. 'वेस्ट' आणि 'व्हेस्ट' कित्येक शिक्षकच सारखे म्हणतात. व्हीला वरचे दात खालच्या ओठावर टेकतात. डब्ल्यूला ओठांचा चंबू, दात लागता कामा नयेत. 'पिन' म्हणताना तोंडासमोर कागदाची पट्टी धरा, ती हलली पाहिजे. आपल्या 'प'ला हलत नाही, म्हणून परक्या कानाला 'बिन' ऐकू येतं. 'शिप' आणि 'शीप'चंही तेच, ऱ्हस्व-दीर्घ आपण लिहिताना जपतो, बोलताना फारसं नाही. शिक्षकाने दोन्हींपैकी एक शब्द म्हणायचा, मुलांनी एक किंवा दोन बोटं दाखवायची. आधी कान तयार होऊ द्या, मग जीभ.

मधली_सुट्टी: हे साहेबी उच्चारांचं खूळ पुरे! पोरांना धड वाक्य जुळवता येत नाही आणि तुम्ही कागदाच्या पट्ट्या हलवताय.

कानसेन: खूळ म्हणू नका. लंडनचा हेल कोणी मागितलेला नाही, समोरच्याला शब्द कळावा एवढंच म्हणतोय. दहावीला तोंडी परीक्षेचे २० गुण आहेत. ते खिरापतीसारखे वाटले जातात म्हणून वर्षभर कोणी मुलांना बोलतं करत नाही, हे खरं दुखणं.

मधली_सुट्टी: बरं, 'प' आणि 'व'पुरतं मान्य. पण मूल बोलत असताना मध्येच तोडायचं नाही, यावर मी हटणार नाही. चुका वहीत टिपा. शेवटची पाच मिनिटं त्यातली चार वाक्यं फळ्यावर लिहा, नाव न घेता, आणि मुलांनाच दुरुस्त करू द्या. प्रश्न विचारल्यावरही मनात पाच आकडे मोजून थांबा. नाहीतर पहिल्या बाकावरची तीच तिघं उत्तरं देतात.

खडूफळा: @पाटीपेन्सिल, बाक हलवायचेच नाहीत. पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या बाकाने मागे वळायचं, दोन-दोनचे बाक असतील तर चौघांचा गट झाला. प्रत्येकाला १ ते ४ क्रमांक. वेळापत्रक अर्धं एका जोडीकडे, अर्धं दुसरीकडे; विचारल्याशिवाय रकाने भरत नाहीत. वेळ तीन मिनिटं. उत्तर कोणता क्रमांक देणार ते शेवटी जाहीर करायचं, म्हणजे चौघांनाही तयार राहावं लागतं. गोंगाट वाढला तर ओरडू नका, हात वर करून उभे राहा. जो बघेल त्यानेही हात वर करायचा. आपसातली कुजबुज मराठीत होईल, होऊ द्या. रकान्यासाठीचा प्रश्न आणि त्याचं उत्तर मात्र इंग्रजीतच.

पाटीपेन्सिल: तिघांचे बाक असतील तर सहांचा गट होतो, त्यात दोघं नुसती बसून राहतात. तिथे पुढे-मागे न वळता बाकावरच्या तिघांतच काम द्या: एक विचारणारा, एक सांगणारा, एक लिहिणारा. दर फेरीला अदलाबदल. एवढं जमेल.