मदत हवी आहे: गुरगुरणाऱ्या कुत्रीला धाकाने शिकवावे की खाऊ देऊन?
आमची कुत्री दुसरा कुत्रा दिसताच अंग ताठ करून गुरगुरते. मालकाने वरचढच राहिले पाहिजे, म्हणून काटेरी पट्ट्याला हिसका द्या, असे प्रशिक्षक सांगतात. परंतु ही समजूत बंदिस्त लांडग्यांच्या निरीक्षणावरून आली असून, रानातला कळप म्हणजे बहुधा आईवडील व पिल्ले यांचे कुटुंबच असते, हे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच (Mech) यांनी १९९९ मध्येच मांडले होते. शिवाय हिसक्याने गुरगुरणे थांबले तरी भीती कायम राहते आणि उद्या ती पूर्वसूचना न देताच चावेल, ही माझी खरी काळजी आहे. दुसरा कुत्रा लांब असतानाच खाऊ देत अंतर हळूहळू कमी करण्याची पद्धत मला मनापासून पटते; मात्र तो अचानक समोर आला, की ती खाऊकडे ढुंकूनही पाहत नाही. अशा वेळी नेमके काय करावे, हे अनुभवी सभासदांनी कृपया सांगावे.